तूर्तास म्हणजे कधीपर्यंत

स्कर्लबी,
७ नोव्हेंबर १९७६

डेस,

कार्ड मिळालं. ब्रॅडफर्डच्या टाउन हॉलचं चित्र सुरेख आहे. मागे तीन ओळी, त्यात दोनदा 'तूर्तास'. तूर्तास मित्राकडे, विल्फकडेच राहतोय, तूर्तास आईला काही सांगू नकोस.

काय सांगायचं नाही ते तरी कळव. बॅग घेऊन तू फाटकातून गेलास तेव्हा तुझी आई वरच्या खिडकीत उभी होती. तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं, डोळे शाबूत आहेत. मी वर गेले तर मला म्हणते, "कोंबड्यांच्या मागे गेला वाटतं."

कोंबड्यांचं खुराडं कड्यावरून खाली गेलं त्या दिवसापासून तुझा चेहरा पांढरा झाला होता हे मला दिसत होतं. तू या कड्यावर जन्मलास, मी लीड्सची. भ्यायचं मी आणि धीर द्यायचा तू, असं ठरलं होतं ना आपलं?

फाटकापाशी तू म्हणालास, "फॉर द टाइम बीइंग, ग्वेंडा." तूर्तास. मीही मान हलवली, कारण या शब्दावर इथे कुणी प्रश्न विचारत नाही. लीड्सला आम्ही तूर्तास म्हणायचो तेव्हा पुढचं ठरलेलं असायचं. भिंतीचा गिलावा वाळेपर्यंत तूर्तास मावशीकडे झोपा, वडिलांना काम मिळेपर्यंत तूर्तास मटण बंद. कधीपर्यंत हे लहान पोरालाही सांगता यायचं. स्कर्लबीत ते विचारायची पद्धतच नाही. दूधवाला तूर्तास येतो. बस तूर्तास चर्चपर्यंत जाते. आयडा थर्लोच्या पोस्टाच्या दारावर 'तूर्तास बंद' अशी पाटी होती, ती कड्यावरून पोस्ट खाली गेलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. आयडाने पाटी तेवढी वाचवली. आता ती तिच्या चाकांवरच्या घराच्या, कॅरॅव्हॅनच्या खिडकीत लावलेली आहे आणि आतून ती तिकिटं विकते.

बाकी सगळं ठीक. बाग आहे तशी आहे. त्या कोरड्या उन्हाळ्यानंतर पाऊस जो लागलाय तो थांबायचं नाव घेत नाही. पुढचं दार ओलाव्याने फुगून अडकायला लागलं होतं, म्हणून तुझा रंधा काढला आणि वरच्या कोपऱ्यावर चार हात मारले. आता छान लागतं. तुझ्या आईने खालचा भुसा गोळा करून शेगडी पेटवली आणि म्हणाली, "त्या दारावर माझ्या सासऱ्यांचा हात होता, जरा बेताने."

कधी येतोस?

ग्वेंडा


स्कर्लबी,
२८ नोव्हेंबर

डेस,

बागेबद्दल मी खोटं लिहिलं होतं. तुला घाबरवायचं नव्हतं, किंवा तू घाबरून कायमचा येणारच नाहीस अशी मला भीती होती. दोन्हीही खरं आहे, तुला हवं ते घे.

रूबार्बचा वाफा गेला. कपडे वाळत घालायचा खांब गेला. सकाळी मी चादर घेऊन मागे गेले आणि समोर खांबच नाही, नुसतं आकाश. किंचाळले नाही. चादर घडी करून आत आणली आणि स्वयंपाकघरात शेगडीपुढे वाळत टाकली. दुपारी मागच्या दाराला आतून आडव्या फळ्या ठोकल्या, तुझी आई चुकून तिकडून बाहेर पाऊल टाकेल म्हणून. आता येणंजाणं एकाच दाराने.

कौन्सिलचा माणूस येऊन गेला. तरुण आहे, बुटांना माती लागू नये म्हणून गवतावरून चालतो. कड्याच्या टोकापर्यंत गेला नाही, लांबूनच मान उंचावून पाहिलं. म्हणाला, "मिसेस स्टॅव्हली, तूर्तास धोका नाही."

मी म्हटलं, "कधीपर्यंत?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचं वय विचारलं. मग म्हणाला, "वादळी भरती येईपर्यंत तरी नाहीच. समुद्रावर लक्ष ठेवा."

तर मी समुद्रावर लक्ष ठेवते आहे. दुसरं काय करणार? भरतीच्या वेळी लाट खाली आपटली की फरशीतून पायाला कळतं. कपाटातल्या बशा एकमेकींना लागतात, आणि तुझी आई चहा पिता पिता म्हणते, "आला." एखादा नेहमीचा पाहुणा दारात यावा तसं म्हणते. मी हसते. हसल्यावर माझे हात गार पडलेले असतात.

दार पुन्हा अडकलं. पुन्हा रंधा मारला. आता मला बरा जमतो.

ग्वेंडा


स्कर्लबी,
१९ डिसेंबर

प्रिय डेस,

हे भांडणाचं पत्र नाही. नीट बसून वाच.

ऑस्टबीला कौन्सिलचं एक घर रिकामं होतंय. चांगलं आत, समुद्राचा वाससुद्धा नाही, मागे बटाट्याचं शेत. मार्चपर्यंत मिळेल असं म्हणतात. मी तुझ्या आईला सांगितलं. तिने विणकाम खाली ठेवलं आणि मला पुन्हा एकदा सगळं ऐकवलं, जशी मी काल लग्न होऊन आले.

"या गल्लीतलं घर सोडायचं तर आधी दार उतरवायचं. त्या घरात ज्याचा जन्म झाला त्यानेच. दार उतरलं की मग त्या घरात कुणी झोपत नाही. दार पुढच्या घराला लागतं. हे दार माझ्या सासऱ्यांनी जुन्या घरावरून आणलं. ते घर कुठे आहे ठाऊक आहे तुला?"

मी म्हटलं, "पाण्यात."

"पाण्यातही लांब. खेकडे धरायला होड्या जातात त्याच्याही पलीकडे. आणि दार इथे आहे. दार जागेवर असताना घर टाकून गेले ते फक्त बेट्सवाले, आणि त्यांचं काय झालं ते विचार आयडाला."

"काय झालं?"

"हल शहराला गेले." ती म्हणाली, आणि पुन्हा विणायला लागली.

मला हसू आलं, तिला नाही. डेस, ती खरंच हलणार नाही. मी ओढून नेऊ शकत नाही, तिचं वजन तुला माहीत आहे आणि स्वभावही. तुझा जन्म वरच्या खोलीतला. तू ये, दार उतरव, बस्स. एका दुपारचं काम. बिजागऱ्यांना मी आजपासून तेल घालून ठेवते. नाताळला ये. तुला इथे झोपावं लागणार नाही, आयडा तिच्याकडे जागा करते म्हणाली. तू का गेलास हे मी विचारणारही नाही.

मी भीत नाही, फक्त थकले आहे.

तुझी
ग्वेंडा


स्कर्लबी,
११ जानेवारी १९७७

डेस,

नाताळला तुझं कार्ड आलं. 'तूर्तास निघणं जमत नाही.' तुझ्या आईने ते शेगडीवरच्या फळीवर इतर कार्डांच्या मधोमध ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "आमचा डेस्मंड कामात आहे." येणारंजाणारं म्हणजे आयडा आणि दूधवाला.

आता मीही खरं लिहिते. मी बूट घालून झोपते. कोट घालून झोपते, खिशात तुझ्या आईची औषधं असतात. तिचा पलंग मी खालच्या बैठकीच्या खोलीत आणला, तिला सांगितलं की वर गारठा फार. तिनेही विचारलं नाही की खाली कमी का. मी आरामखुर्चीत झोपते, ती पलंगावर, आणि दोघी एकमेकींना झोप लागल्याचं दाखवतो. तिचा श्वास मला ऐकू येतो तसा माझा तिला येत असणार.

पहिल्या आठवड्यात मोठं वादळ झालं ते तू वर्तमानपत्रात वाचलं असशील. घराला काही झालं नाही. खरंच नाही. लाटा कड्याच्या निम्म्यापर्यंत चढल्या, धुराड्यातून खारं पाणी शेगडीत आलं, पण सकाळी कडा जिथल्या तिथे. सगळी गल्ली, म्हणजे आम्ही दोघी आणि दोन कॅरॅव्हॅनवाले, आयडाकडे चहाला जमलो. आयडाने ब्रँडी घातली. कॅरॅव्हॅनमधला म्हातारा सेप्टिमस म्हणाला, "यंदाचं वर्ष निभावलं. आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत बिनघोर झोपा." या माणसांनी जन्मभर समुद्राकडे पाहिलंय, तेव्हा त्यांचं खरं असणार असं मला वाटलं. मी दोन कप प्यायले.

पण मला झोप येत नाही. काय होतंय ते नीट सांगता येत नाही. तुझ्या आईबाबांच्या लग्नाचा फोटो आहे ना, जिन्याजवळचा, तो सारखा वाकडा होतो. मी रोज सरळ करते. दुसऱ्या दिवशी परत वाकडा. तुझी आई म्हणते, "तुझे सासरे आहेत ते, मला चिडवतायत." मला त्या फोटोचा राग येतो. एका माणसाला फोटोचा राग यावा हे लक्षण बरं नाही.

दारही अडकतंच आहे. पाऊस थांबला की सुटेल.

ग्वेंडा


स्कर्लबी,
६ मार्च

डेस,

ऑस्टबीच्या घराची किल्ली मिळाली. मी जाऊन पाहून आले. भिंतींना ताज्या रंगाचा वास आहे, नळाचं पाणी गोडं आहे. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि रडले. कशामुळे तर खाली काही हलत नव्हतं म्हणून.

परत येऊन तुझ्या आईला सांगितलं, "आई, पुढच्या सोमवारी गाडी सांगते."

"डेस्मंड येतोय का?"

"त्याचं काही कळलं नाही."

"मग तूर्तास नको."

झालं. माझा तोल गेला. मी तिला म्हटलं, "आई, हा शब्द या घरात पुन्हा कुणी काढला तर मी त्याच्या डोक्यात किटली घालीन. तुमचा मुलगा तूर्तास गेला, कौन्सिलला तूर्तास धोका दिसत नाही, तुम्ही तूर्तास हलत नाही. कधीपर्यंत ते एकाला तरी सांगता येतंय का?"

तिने किटली माझ्यापासून लांब सरकवली. मग म्हणाली, "पोरी, कधीपर्यंत हे ठाऊक असतं तर इथे घर बांधलं असतं का कुणी? माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने विचारलं होतं, त्या कड्यावर राहणार तू? मी म्हटलं, तूर्तास. सेहेचाळीस वर्षं काढली. इथेच बाळंतपण काढलं. वाईट आहे का हा शब्द?"

मी जाऊन तिला चहा केला. वाईट नाही तो शब्द, डेस. आजच्यापुरती भाकरी मिळाली की माणूस आज जेवतो, तसा आहे. तिने तो तोंडात घेतला तेव्हा ती घरात होती, भांडी घासत होती, पोर वाढवत होती. तू तो घेतलास आणि बाहेर पडलास. आम्हांला इथे ठेवून तूर्तास म्हणायचं, आणि मग त्याचा शेवट कधी होणार हे समुद्राने ठरवायचं. मला तुझा राग येतो तो एवढ्याचसाठी. भिण्याचा नाही येत. भीती मलाही आहे, इतकी आहे की हे लिहिताना अक्षर बघ कसं आलंय.

दार उतरवायला ये. पत्र नको, कार्ड नको. तू ये.

ग्वेंडा


स्कर्लबी,
२४ एप्रिल, सकाळी

डेस,

आज समुद्र सपाट आहे. आठवडाभर पूर्वेचा कोरडा वारा सुटलाय, बाहेरची माती पांढरी पडली, माझे ओठ फुटले. आयडाने चादरी धुऊन कुंपणावर टाकल्या त्या तासाभरात वाळल्या. इतका चांगला दिवस नोव्हेंबरपासून पाहिला नव्हता. तुझ्या आईला बाहेर खुर्ची टाकून बसवावं म्हणून दार उघडायला गेले तर उघडेना.

कोरड्या हवेत दार सुटायला हवं. ते कधी नव्हतं एवढं घट्ट बसलंय. रंधा घेऊन वर हात मारायला गेले आणि तशीच थांबले. मी दर वेळी त्याच कोपऱ्यावर रंधा मारते आहे, डेस. कडीच्या वरच्या कोपऱ्यावर. सगळा हिवाळा. ओलाव्याने दार फुगलं तर सगळीकडून फुगेल, एकाच कोपऱ्यात कसं फुगेल? पाव कापायची काटकोनी फळी आणून दाराच्या कोपऱ्याला लावून पाहते. उगाच घाबरले असेन तर तुला हसायला होईल म्हणून हे लिहून

त्याच दिवशी, आयडाच्या कॅरॅव्हॅनमध्ये

पेन आयडाचं आहे. कागद माझ्या एप्रनच्या खिशात राहिला होता.

फळी बसली नाही. दाराचा कोपरा काटकोनात राहिलेलाच नव्हता. एका अंगाला बोट जाईल एवढी फट. चौकट समुद्राकडे कलत होती आणि मी दार तासून तासून तिच्या मापाचं करत होते. दर वेळी ते छान लागायचं, आणि मला वाटायचं की घर ठीक आहे. मग मी जिन्याजवळच्या फोटोकडे पाहिलं. तो वाकडा कधी झालाच नव्हता. तो दोऱ्यावर सरळ लोंबत होता, भिंत वाकडी होती, आणि मी रोज सकाळी त्याला भिंतीसारखा करत होते.

त्या दाराशी मी किती वेळ उभी होते माहीत नाही. मागचं दार मीच ठोकून बंद केलेलं. खिडक्या तेवढ्या होत्या, पण त्यांतून तुझी आई बाहेर पडणं शक्य नव्हतं.

मी आत जाऊन म्हटलं, "आई, दार ओलाव्याने अडकत नव्हतं."

ती पलंगाच्या कडेला बसून मोजे चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"शेगडीला भुसा मीच घालते ना. सगळा एकाच कोपऱ्याचा, जुन्या हिरव्या रंगाचा."

"मग बोलला का नाहीत?"

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. डेस, तुझ्या आईला मी तेरा वर्षांत कधी भ्यालेली पाहिली नव्हती. ती म्हणाली, "बोलले असते तर तूही गेली असतीस."

मला रडायला वेळ नव्हता. खालून आवाज आला. लाटेचा नव्हे, लाट नव्हतीच. जमिनीच्या पोटातून, ओलं कापड फाडावं तसा, हळूहळू, आणि थांबला. कपाटाचं दार आपोआप उघडलं. एक कप बाहेर आला, टेबलावरून घरंगळत समुद्राच्या बाजूला गेला आणि पडला. आम्ही दोघींनी तो पडेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं.

"खिडकीतून मी सेप्टिमसला हाक मारते," मी म्हटलं.

"त्याला ऐकू येत नाही. स्क्रू काढ."

"कसले?"

"दाराचे. बिजागऱ्या आतूनच आहेत. बिजागऱ्या सुटल्या की दार सुटेल."

"आई, ते घरात जन्मलेल्याने..."

"रंधून रंधून अर्धं दार तूच काढलंयस," ती म्हणाली. "उरलेलंही काढ."

तेल घातलं होतं म्हणून स्क्रू फिरले. तू येशील म्हणून घालत होते, ते मलाच कामाला आलं. स्क्रूड्रायव्हर सारखा खाचेतून निसटायचा, आणि निसटला की तुझी आई म्हणायची, "घाई नाही." तिला घाई नव्हती असं नाही. ती काठी टेकून माझ्या पाठीशी उभी होती आणि तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. सगळे स्क्रू निघाले, तरी दार चौकटीत तसंच उभं. तिने कोळशाचं फावडं आणलं, खाली फटीत घातलं आणि आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. त्या वजनावरून मी तिला कधी बोलले असेन तर ते परत घेते. दार आमच्या अंगावर आलं.

मला वाटलं दार टाकून पळायचं. तिने तिचं टोक सोडलंच नाही. काठी सोडली, दार नाही. एका बाजूला ती, एका बाजूला मी, अशा आम्ही फाटकातून बाहेर पडलो, ती लंगडत आणि मी उलटी चालत, त्यामुळे घर सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढे होतं. दाराच्या जागी काळं भोक, आत पलंगावरची तिची शाल दिसत होती. मी ती आणायला परत जाणार होते. ती म्हणाली, "दार उतरलंय," आणि मी गेले नाही.

आयडाने किटली ठेवली. चहा गाळत असतानाच झालं. कोळशाची गाडी अंगणात रिकामी व्हावी तसा आवाज, मग धूळ. घर उभ्याउभ्या खाली बसलं, आधी मागची बाजू, मग धुराडं. समुद्र तेव्हाही सपाट होता. उन्हाळ्यात माती भेगाळली, हिवाळाभर त्या भेगांत पाणी मुरलं, असं सेप्टिमस म्हणतो आहे. तो म्हणतो, आपण सगळे समुद्राकडे बघत बसलो आणि आलं ते पाठीमागून. तो रडतो आहे.

तुझी आई खुर्चीत बसली आहे. अजून दाराला हात लावून बसली आहे. एवढंच म्हणाली, "त्याचा जन्म झाला ती खोली."

उद्या ऑस्टबीला जातोय.

ग्वेंडा


ऑस्टबी,
५ जून

डेस,

तुझं पत्र आलं. पहिल्यांदाच कार्ड नव्हे, पत्र. घर गेल्याचं कळल्यावर तुला जेवण गेलं नाही, विल्फच्या पायऱ्यांवर बसून राहिलास, हे मी आईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. तुझी भीती खोटी नव्हती असं त्या म्हणाल्या. मीही म्हणते. तू जे पाहून पळालास ते खरंच होतं.

पण शेवटच्या ओळीत तू लिहिलं आहेस की तूर्तास दोघी तिथे नीट राहा, मी बघतो.

दाराबद्दल सांगते. इथली चौकट सरळ आहे, नवी आहे. आपलं दार तीत बसेना, वरच्या कोपऱ्यात त्रिकोणी फट राहायची आणि तिच्यातून शेत दिसायचं. शेजारचा माणूस म्हणाला, तूर्तास एक पुठ्ठा ठोकून देतो. आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हातोडी घेऊन परत गेला. मग आम्ही दोघींनी वखारीतून ओकची एक पट्टी आणली, तिला हवा तसा तिरका उतार दिला आणि त्या कोपऱ्याला कायमची बसवली. आईंनी पट्टी धरली, मी स्क्रू मारले. जोड दिसतो. त्याला रंग द्यायचा नाही असं त्यांचं म्हणणं आहे. रंधा माझ्याकडे नाही. तो घरातच राहिला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मी अजून बूट घालून झोपते. इथली जमीन हलत नाही हे मला माहीत आहे, माझ्या पायांना अजून माहीत नाही. सकाळी उठून आधी दार उघडून पाहते. परवा पाऊस पडला आणि ते जरा अडकलं. मी तिथेच खाली बसले, उठता येईना. आई पलंगावरून उठून आल्या, काठी न घेता, आणि बोट फिरवून सगळ्या कडा पाहिल्या. म्हणाल्या, "सगळीकडून सारखं फुगलंय. पाऊसच आहे." मग माझ्याशेजारी खाली बसल्या, आणि त्यांना उठवायला मला अर्धा तास लागला.

तुला इथे यायचं असेल तर ये. नसेल तर नाही म्हण, आम्ही ऐकून घेऊ. आई रोज दुपारी खिडकीशी बसतात, बसच्या रस्त्याकडे तोंड करून, आणि मी त्यांना काही विचारत नाही.

दाराचं कुलूप बदललं आहे. तुझ्याजवळच्या किल्लीने ते उघडणार नाही, आणि तुझ्यासाठी दुसरी केलेली नाही. आलास तर वाजव. आतून आम्ही विचारू, कधीपर्यंत. उत्तर तयार ठेवून ये.

ग्वेंडा